घर ते काम, काम ते काम: एका दुभाषीणबाईंचा उबरचा हिशेब

आयआरएसचं, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याचं, पाकीट नवऱ्याने उघडलं आणि मला पहिला प्रश्न विचारला, "तू इतकी उबर फिरतेस?" २०२१ ची गोष्ट. पत्र २०१९ च्या रिटर्नबद्दल होतं. शेड्यूल सी वर (स्वतःच्या धंद्याचं उत्पन्न-खर्च दाखवायचा फॉर्म) दाखवलेल्या १,८४६ डॉलरच्या प्रवासखर्चाचे पुरावे पाठवा, एवढंच त्यात म्हटलं होतं. पुरावे म्हणजे माझ्याकडे उबरच्या ईमेल होत्या, बाकी काही नाही.

मी न्यू जर्सीत मराठी-हिंदीची दुभाषी आहे. हॉस्पिटलं, कोर्टं, कधी शाळा. एजन्सी काम देते, वर्षाअखेरीस १०९९ येतो, म्हणजे वर्षभरात किती पैसे दिले ते सांगणारा फॉर्म. पगार नाही, म्हणून टॅक्स कापलेला नाही, म्हणून खर्चाची वजावट हाच काय तो दिलासा. २०१९ मध्ये घरात एकच गाडी होती आणि ती नवरा न्यायचा, त्यामुळे माझी सगळी ये-जा उबरने आणि एनजे ट्रान्झिटने. ज्यांनी माझं रिटर्न भरलं त्यांनी विचारलं होतं, "ताई, उबरचं वर्षाचं टोटल किती?" मी आकडा सांगितला, त्यांनी तो लिहिला. कुठून कुठे, हे त्यांनी विचारलं नाही आणि विचारायचं असतं हे मला माहीत नव्हतं. सगळी गोम तिथेच होती.

मी सीए नाही, सीपीए (इथला सीए) नाही. पण ते पत्र आल्यापासून हा विषय इतका वाचलाय की आमच्या मंडळात फेब्रुवारी उजाडला की बायका मला फोन करतात. तर हे सगळं एकदाच लिहून ठेवते. हे फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, टॅक्सबद्दल आहे. राज्याचं रिटर्न वेगळं असतं.

आधी एक वाईट बातमी

घरातून कामाच्या ठिकाणी जाणं आणि संध्याकाळी परत येणं, याला कम्यूटिंग म्हणतात आणि त्याची वजावट मिळत नाही. गाडीने जा, उबरने जा, ट्रेनने जा. लांब राहता म्हणूनही मिळत नाही. १९४६ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात फ्लॉवर्स नावाच्या वकिलाचा खटला गाजला. हे गृहस्थ राहायचे मिसिसिपीतल्या जॅक्सनला आणि ज्या रेल्वे कंपनीची वकिली करायचे तिचं मुख्य ऑफिस अलाबामातल्या मोबाईल गावात (हो, मोबाईल हे गावाचं नाव आहे). येण्याजाण्याचा खर्च त्यांनी धंद्याचा म्हणून दाखवला. कोर्ट म्हणालं, जॅक्सनला राहणं ही तुमची आवड, रेल्वेची गरज नव्हे. विषय संपला.

पण घर ते काम हा एक प्रवास आणि काम ते काम हा वेगळा. सकाळी न्यू ब्रन्सविकच्या हॉस्पिटलात असाइनमेंट, दुपारी न्यूअर्कच्या कोर्टात, तर न्यू ब्रन्सविक ते न्यूअर्क हा धंद्याचा खर्च. त्यावर वाद नाही. वाद असतो तो दिवसाच्या पहिल्या आणि शेवटच्या प्रवासाचा. आणि आमच्यासारख्यांचा निम्म्याहून जास्त खर्च नेमका त्या दोनच फेऱ्यांत असतो.

पहिली फेरी कधी धरता येते

आयआरएसने १९९९ मध्ये रेव्हेन्यू रूलिंग ९९-७ हा खुलासा काढला, त्यात तीन वाटा दिल्यात. मी त्या माझ्या उदाहरणांनी सांगते.

पहिली वाट: तात्पुरतं कामाचं ठिकाण तुमच्या महानगर परिसराच्या बाहेर असेल, तर घरून तिथपर्यंतचा प्रवास धरता येतो. मला एकदा अटलांटिक सिटीच्या बाजूला तीन दिवसांचं डिपॉझिशन (कोर्टाबाहेर घेतलेली शपथेवरची साक्ष) होतं. ते यात बसलं.

दुसरी वाट: घराबाहेर तुमचं एखादं कायमचं कामाचं ठिकाण असेल, तर त्याच धंद्यातल्या तात्पुरत्या ठिकाणी घरून थेट जाणं धरता येतं, मग ते दोन मैलांवर का असेना. तात्पुरतं म्हणजे एक वर्ष किंवा त्याहून कमी चालेल अशी वाजवी अपेक्षा असलेलं आणि खरोखर तितकंच चाललेलं.

२०१९ मध्ये मी एका क्लिनिकमध्ये मंगळवार-गुरुवार ठरलेली बसायचे, दीड वर्ष सलग. ते माझं कायमचं ठिकाण. त्यामुळे घर ते क्लिनिक हे शुद्ध कम्यूटिंग: १,८४६ पैकी १,२१० डॉलर त्यातच गेले होते. पण सोमवारी अचानक फोन आला म्हणून घरून सरळ एका हॉस्पिटलात गेले, तो प्रवास चालला. किती विचित्र पाहा, ज्या क्लिनिकमुळे १,२१० बुडाले त्याच क्लिनिकमुळे बाकीच्या फेऱ्या वाचल्या. क्लिनिक नसतं, घरी ऑफिसही नसतं, तर परिसरातल्या हॉस्पिटलांच्या पहिल्या आणि शेवटच्या फेऱ्याही कम्यूटिंगमध्ये गेल्या असत्या.

तिसरी वाट सगळ्यात कामाची: घर हेच तुमच्या धंद्याचं मुख्य ठिकाण असेल, तर घरून त्याच धंद्याच्या कुठल्याही ठिकाणी जाणं हा कामाच्या एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाण्याचा प्रवास होतो. ते ठिकाण कायमचं असो की तात्पुरतं, जवळ असो की लांब. म्हणजे आज, घरी ऑफिस झाल्यावर, ते क्लिनिक असतं तर मंगळवार-गुरुवारची उबरसुद्धा मला धरता आली असती.

देव्हारा हलवला त्याची गोष्ट

"माझंही घरीच ऑफिस आहे" असं प्रत्येक जण म्हणतो. डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडणं म्हणजे ऑफिस नव्हे. दोन अटी आहेत: ती जागा नियमित धंद्यासाठी वापरलेली हवी आणि फक्त धंद्यासाठीच वापरलेली हवी. आपल्या घरांमध्ये दुसरी अट जास्त जाचते.

२०२० मध्ये सगळं काम व्हिडिओवर आलं तेव्हा मी मागची छोटी खोली घेतली. नऊ बाय अकरा. हेडसेट, टेबल, कोशांचं कपाट. आणि कोपऱ्यात देव्हारा, कारण पूर्वेकडे तोंड तिथेच येत होतं. शिवाय एक सोफा-बेड, सासूबाई भारतातून आल्या की त्यांच्यासाठी. आता देवापुढे दिवा लावणं हा धंदा नाही आणि सासूबाईंची झोप तर नाहीच नाही. तेवढी जागा फक्त धंद्यासाठी राहिली नाही. पूर्ण खोलीच असायला हवी असं बंधन नाही, भिंत घालायचीही गरज नाही, वेगळा ओळखता येईल असा भाग चालतो. मी देव्हारा दिवाणखान्यात नेला (सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला), सोफा-बेड मुलीच्या खोलीत गेला आणि ९९ चौरस फूट माझे झाले. अशा जागेची वजावट मिळते: सोप्या पद्धतीत चौरस फुटाला ५ डॉलर, जास्तीत जास्त ३०० चौरस फूट. माझे ४९५ डॉलर झाले. खऱ्या खर्चाच्या हिशेबाने करायचं तर फॉर्म ८८२९ भरावा लागतो. मी त्या वाटेला जात नाही.

४९५ ही रक्कम किरकोळच आहे. खरा फायदा असा की या खोलीमुळे माझी पहिली आणि शेवटची फेरी धंद्याची झाली.

पण काम तर मी हॉस्पिटलांत करते, मग घर मुख्य ठिकाण कसं? हाच प्रश्न सोलिमन नावाच्या भूलतज्ज्ञांच्या खटल्यात आला होता. ते तीन हॉस्पिटलांत भूल द्यायचे, एकाही ठिकाणी त्यांना टेबल नव्हतं, हिशेब आणि फोन घरच्या खोलीतून. १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या विरोधात निकाल दिला. मग काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, १९९७ मध्ये कायदाच बदलला, तो १९९९ पासून लागू झाला. आता धंद्याचं प्रशासकीय काम, म्हणजे बिलं, वेळापत्रक, फोन, नोंदी, तुम्ही घरच्या त्या जागेतून करत असाल आणि असं काम भरीव प्रमाणात करायला दुसरी ठरलेली जागा नसेल, तर घर मुख्य ठिकाण धरलं जातं. मी इनव्हॉइस याच खोलीत बनवते, एजन्सीचे फोन इथेच घेते, कोर्टाच्या परिभाषेचा अभ्यास इथेच करते. हॉस्पिटलात मला साधी खुर्ची मिळाली तरी नशीब.

उबरची पावती पुरत नाही

उबरच्या ईमेलमध्ये तारीख असते, वेळ असते, कुठून कुठे असतं, रक्कम असते. फक्त "कशासाठी" नसतं. आणि कायद्याला, म्हणजे कलम २७४(ड) ला, नेमकं तेच हवं असतं: रक्कम, वेळ, ठिकाण आणि धंद्यातलं कारण.

पूर्वी अंदाजाला थोडी जागा होती. जॉर्ज कोहान नावाचा ब्रॉडवेवरचा नट-निर्माता, त्याने प्रवास आणि मेजवान्यांवर भरपूर उडवलं आणि पावत्या ठेवल्या नाहीत. १९३० मध्ये कोर्ट म्हणालं, काहीतरी खर्च झालाय हे उघड आहे, मग वाजवी अंदाज करा. १९६२ मध्ये प्रवासखर्चासाठी ही सवलत कायद्याने बंद केली. तुम्ही कितीही खरं बोलत असलात तरी नोंद नसेल तर शून्य.

७५ डॉलरच्या आतल्या खर्चाला पावती सक्तीची नाही (हॉटेल सोडून), हे बरेच जण ऐकून असतात आणि निर्धास्त होतात. पावती नसली तरी नोंद लागतेच. माझी पद्धत साधी आहे. उबर सुरू झाली की फोनच्या कॅलेंडरमध्ये एक ओळ: "घर–न्यू ब्रन्सविक, कार्डिऑलॉजी, दुभाषी, एजन्सी जॉब नंबर अमुक." पेशंटचं नाव कधीही लिहायचं नाही, ते गोपनीय. जॉब नंबर पुरतो, कारण तोच नंबर इनव्हॉइसवर असतो आणि दोन्ही कागद एकमेकांशी जुळतात. २०२१ मध्ये मला वाचवलं ते याच जुळणीने. लॉग नव्हता, पण एजन्सीच्या इनव्हॉइसवरच्या तारखा उबरच्या ईमेलशी लावून मी ६३६ डॉलर सिद्ध केले. तीन शनिवार-रविवार गेले त्यात. १,२१० सोडावे लागले, व्याजासकट चारशे डॉलरच्या आसपास भरले.

उबरच्या ॲपमध्ये बिझनेस प्रोफाइल वेगळं करता येतं. ते करा, आणि त्याला वेगळं क्रेडिट कार्ड लावा. नाहीतर डिसेंबरात तुम्ही आणि तुमचा नवरा मिळून "ही लग्नाची की हॉस्पिटलची?" हा खेळ खेळत बसाल.

टिप धरा, ती भाड्याचाच भाग आहे. गर्दीच्या वेळी भाडं दुप्पट झालं तरी पूर्ण धरा. पण हॉस्पिटलातून निघून ओक ट्री रोडच्या देशी दुकानात कोथिंबीर घेतली आणि तिथून दुसरी उबर करून घरी आलात, तर ती कोथिंबीर तुमची खासगी. मी अशा दिवशी दोन्ही फेऱ्या सोडून देते. वीस डॉलरसाठी वाद नको.

एजन्सीने प्रवासखर्च परत दिला असेल तर तोच खर्च दुसऱ्यांदा धरता येत नाही. मात्र काही एजन्स्या ती परतफेड १०९९ च्या आकड्यातच मिसळतात. मग ती उत्पन्नात दाखवायची आणि खर्चही दाखवायचा. एजन्सीला विचारून घ्या. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला तीन ईमेल कराव्या लागल्या.

स्वतःची गाडी असेल तर

२०२२ मध्ये आम्ही दुसरी गाडी घेतली. तेव्हापासून उबर कमी झाली आणि मैल वाढले. दोन पद्धती: मैलाला आयआरएसचा ठरावीक दर, किंवा पेट्रोल-इन्शुरन्स-दुरुस्ती-घसारा यांचा खरा खर्च धंद्याच्या वापराच्या प्रमाणात. २०२४ मध्ये दर ६७ सेंट होता, २०२५ मध्ये ७० सेंट. स्वतःच्या मालकीच्या गाडीला दराची पद्धत हवी असेल तर ती गाडी धंद्यात आणली त्याच पहिल्या वर्षी निवडावी लागते. नंतर खऱ्या खर्चाकडे वळता येतं, पण पहिल्या वर्षी खरा खर्च घसाऱ्यासकट लावून बसलात तर दराकडे परत येता येत नाही. लीजच्या गाडीला एकदा दर निवडला की लीज संपेपर्यंत तोच.

दर घेतला की पेट्रोल वेगळं धरायचं नाही. टोल आणि कामासाठीचं पार्किंग मात्र दराच्या वर धरता येतं. पार्किंगचा दंड नाही धरता येत, मी विचारून झालंय.

माझा २०२५ मधला एक दिवस: घर ते न्यू ब्रन्सविक ७ मैल, तिथून न्यूअर्क २६, परत घरी २४. एकूण ५७ मैल, ७० सेंटने ३९ डॉलर ९० सेंट. वर पार्किंगचे १२ आणि टर्नपाइकचा टोल.

आता हे पैसे हातात किती पडतात? इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. समजा वर्षात ६,००० मैल झाले, म्हणजे ४,२०० डॉलरची वजावट. टॅक्स ४,२०० ने कमी होत नाही, उत्पन्न कमी होतं. त्यावर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स (स्वतंत्र काम करणाऱ्यांचा सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा टॅक्स, १५.३ टक्के, उत्पन्नाच्या ९२.३५ टक्क्यांवर) साधारण ५९३ डॉलरने कमी झाला. इन्कम टॅक्सचा तुमचा टप्पा २२ टक्के असेल तर तिकडे सुमारे ६८७ डॉलर वाचले. पूर्ण ९२४ नाही, कारण उत्पन्न कमी झालं की त्यावर मिळणारी २० टक्क्यांची क्यूबीआय वजावट (धंद्याच्या उत्पन्नावरची) आणि अर्ध्या सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सची वजावट याही थोड्या आटतात. मिळून १,२८० च्या आसपास. वाईट नाही. पण "टॅक्समध्ये जाणारच आहेत" म्हणून बसने जाता येत असताना ऐंशी डॉलरची उबर करणाऱ्यांनी हा आकडा बघावा.

फॉर्मवर कुठे काय

स्वतःच्या गाडीचा खर्च शेड्यूल सी च्या ओळ ९ वर. खाली भाग चारमध्ये गाडी कधी धंद्यात आणली, धंद्याचे मैल, कम्यूटिंगचे मैल, इतर मैल असे रकाने आहेत. शेवटी दोन प्रश्न: पुरावा आहे का? असेल तर तो लेखी आहे का? त्या दोन "हो"वर खूण करताना हात थोडा थरथरला तर लॉग अजून नीट नाही असं समजा. कम्यूटिंगचे मैल शून्य लिहिले तर घरचं ऑफिस रिटर्नमध्ये दिसायला हवं, नाहीतर दोन कागद एकमेकांविरुद्ध साक्ष देतात.

ओळ २४अ चा "ट्रॅव्हल" हा रात्रभर गावाबाहेर राहून केलेल्या प्रवासासाठी आहे. त्या अटलांटिक सिटीच्या तीन दिवसांचं हॉटेल आणि जाण्यायेण्याचं भाडं तिथे गेलं, जेवण २४ब मध्ये, निम्मंच. स्थानिक उबर आणि ट्रेन मी भाग पाचमध्ये "लोकल ट्रान्स्पोर्टेशन" असं नाव देऊन लिहिते, म्हणजे बघणाऱ्याला कळतं.

गाडी चालवणाऱ्यांसाठी दोन शब्द, आणि भाच्यासाठी एक

आमच्या इमारतीतले एक काका निवृत्तीनंतर उबर चालवतात. त्यांचा गोंधळ वेगळाच. १०९९-के वर प्रवाशांनी दिलेली पूर्ण रक्कम येते, त्यात कंपनीने कापून घेतलेलं कमिशनही असतं. त्यांनी पहिल्या वर्षी तो आकडा पाहून छातीवर हात ठेवला. कमिशन खर्चात दाखवायचं, ते कंपनीच्या वार्षिक टॅक्स सारांशात मिळतं. १०९९-के आलाच नाही तरी उत्पन्न दाखवायचंच. मैलांमध्ये प्रवासी बसलेले असतानाचे आणि त्यांना घ्यायला जातानाचे दोन्ही येतात, एक उतरवून पुढच्याची वाट बघत फिरतानाचेही. ॲप बंद करून नातवाला शाळेतून आणलं ते नाही. कंपनीचा आकडा यातले काही मैल मोजतच नाही, म्हणून काकांची स्वतःची वही आहे, ग्लव्ह बॉक्समध्ये, रबरबँड लावलेली.

आणि भाचा. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आला. "मावशी, शनिवार-रविवार उबर चालवली तर माइलेज धरता येईल ना?" नको रे बाबा. एच-१बी वर फक्त त्या मालकाचं काम करता येतं ज्याने अर्ज केलाय. उबर चालवणं हे बेकायदा काम ठरतं आणि त्याचा फटका पुढे ग्रीन कार्डाला बसतो. एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वर्क परमिट असेल तर स्वतःचा धंदाही चालतो, माझी सुरुवात तशीच झाली. आणि त्याच्या नोकरीवरच्या प्रवासाचं काय? पगारदारांना कंपनीकडून परत न मिळालेल्या खर्चाची वजावट २०१८ पासून फेडरलमध्ये बंद आहे, २०२५ च्या कायद्याने ती कायमची गेली. कंपनी कम्यूटर पास (कामाला ये-जा करायचा पास) देत असेल तर तो घे, म्हटलं. तो आम्हा स्वतंत्र काम करणाऱ्यांना मिळत नाही, एवढं तरी तुझ्याकडे जास्त आहे.

कागद किमान तीन वर्षं ठेवायचे, रिटर्न भरल्यापासून. मी सात वर्षांचे ठेवते, एका चिवड्याच्या रिकाम्या डब्यात.

वर्षातून एकदाच करायचं एक काम राहिलं. ३१ डिसेंबरला रात्री पार्किंगमध्ये जाऊन ओडोमीटरचा फोटो काढायचा. वर्षाचे एकूण मैल त्याशिवाय सांगता येत नाहीत आणि फॉर्म ते विचारतो. गेल्या वर्षी बर्फ पडत होतं, वरती पाहुणे बाराच्या ठोक्याची वाट बघत होते आणि मी स्वेटरवर शाल गुंडाळून गाडीत बसले होते. नवऱ्याने खिडकीवर टकटक केली. मी त्यालाच फोन दिला आणि म्हटलं, "तारीख दिसेल असा काढ."